‘फॉरमॅट मारणे’ : एका शब्दप्रयोगाचा इतिहास

जुने मेमरी कार्ड घरच्या संगणकावर पुन्हा वापरण्याजोगे करणे, या क्रियेस परभणीकडील बोलण्यात ‘फॉरमॅट मारणे’ असे म्हणतात. मराठीत ‘मारणे’ या क्रियापदास दोन वळणे आहेत. ‘झाडू मारणे’ यात काढून टाकण्याचा, तर ‘शिक्का मारणे’ यात उमटविण्याचा भाव आहे. बोलणाऱ्याच्या मनात पहिले वळण असते. प्रत्यक्षात घडते ते दुसरे.

फ्लॉपीच्या काळी फॉरमॅट म्हणजे कोऱ्या चुंबकीय चकतीवर लेखनाचे मार्ग व त्यांचे खंड आखणे होय. पुढे १९७७ साली मार्क मॅकडॉनल्ड यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘फॅट’ ही नोंदपद्धती रचली. कोणत्या फाइलीचा कोणता तुकडा कोठे आहे, याची ती वही. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा यांनी एसडी कार्ड जाहीर केले, त्यावर आखावयाचे मार्गच नव्हते. वही तेवढी राहिली. शब्द मात्र जुनाच चालू राहिला.

त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमत, कळमनुरीची गावे नव्या दप्तरात गेली, शेते होती तेथेच राहिली. ‘क्विक फॉरमॅट’ने हेच होते. नवी, रिकामी वही मांडली जाते. जुना मजकूर त्यावर दुसरे लेखन पडेपर्यंत सामान्यतः जागीच असतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे कार्ड चुकून फॉरमॅट झालेच, तर त्यावर काहीही न लिहिता ते बाजूस ठेवणे अवश्य आहे, ते याचसाठी.

अशी चूक बहुधा यंत्राच्या सूचनेवरून होते. ३२ जीबीहून मोठ्या कार्डांसाठी २००९ साली ‘एक्सफॅट’ ही निराळी पद्धती ठरली. जुन्या यंत्रास ती वही वाचता येत नाही. परंतु ‘वाचता येत नाही’ असे न म्हणता ते ‘फॉरमॅट करावे काय?’ असे विचारते, आणि मनुष्य होकार देतो. (निजामी अमलातील उर्दू दप्तर वाचता आले नाही म्हणून मराठी कारकुनाने ते कोरे ठरविण्यासारखेच हे!)

‘फुल फॉरमॅट’ची गोष्ट वेगळी. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्यात साऱ्या कार्डावर शून्ये लिहिली जातात. तेथे ‘झाडू’ हा अर्थ यथार्थ ठरतो, व ओव्या परत मिळत नाहीत.