मालक गावाला, तलाव उन्हात

दिंडोरी, प्रतिनिधी

उन्हाळ्याची सुटी लागली, की घराला कुलूप लावून गावी जाण्याची लगबग सुरू होते. वर्तमानपत्र बंद करणे, कुंड्यांना पाणी घालण्यास शेजाऱ्यांना सांगणे ही कामे आठवणीने होतात. ज्यांच्या बंगल्यात किंवा फार्महाऊसवर जलतरण तलाव आहे, त्यांना मात्र परतल्यावर अनेकदा हिरवेगार, शेवाळलेले पाणी पाहावे लागते. नाशिकपासून सुमारे २५ किलोमीटरवरील दिंडोरी परिसरात द्राक्षबागांच्या शेजारी अशी घरे दिसतात. त्यांतील बहुतेकांचे मालक शहरात राहतात आणि तलाव रखवालदाराच्या भरवशावर असतो. एप्रिल-मे महिन्यांत हा भरवसा पुरेसा ठरत नाही.

उन्हापुढे क्लोरिन टिकत नाही

तलावाच्या पाण्यात मुक्त क्लोरिन १ ते ३ पीपीएम आणि सामू ७.२ ते ७.६ असावा लागतो. भर दुपारच्या उन्हात, स्थिरक नसलेल्या पाण्यातील क्लोरिन तासाभरात निम्म्याहून कमी होते. त्यामुळे सकाळी टाकलेली पावडर सायंकाळपर्यंत संपलेली असते. सायन्युरिक आम्ल हे स्थिरक ३० ते ५० पीपीएम असेल, तर क्लोरिन बरेच अधिक काळ टिकते. पावडर नेहमी सूर्यास्तानंतर टाकावी. सुमारे ४५ हजार लिटरच्या तलावात १ पीपीएम क्लोरिन वाढविण्यासाठी ६५ टक्के शक्तीचे सुमारे ७० ग्रॅम कॅल्शियम हायपोक्लोराइट लागते. प्रत्येक वेळेचे माप वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, त्यावर तारीख लिहून रखवालदाराच्या हाती दिल्यास अंदाजाने मूठभर टाकण्याचा प्रकार टळतो.

द्राक्षपट्ट्यात मोरचूद घरोघरी असते, म्हणून शेवाळावर तेच टाकण्याचा मोह होतो. प्रमाण चुकल्यास भिंतींवर डाग पडतात. शिवाय हे पाणी ओढ्यात गेल्यास माशांना घातक ठरते.

पाणी कोठे जाते?

आठ मीटर लांब व चार मीटर रुंद तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर असतो. पातळी एक मिलिमीटर उतरली, तरी ३२ लिटर पाणी जाते. कडक उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर महिन्याला सुमारे ६,७०० लिटर पाणी हवेत उडते. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड अशी धरणे याच तालुक्यात असली, तरी उन्हाळ्यात विहिरींची पातळी खालावते. त्याच सुमारास खरड छाटणी झालेल्या बागांनाही पाणी लागते. अशा वेळी तलावात पाण्याची भर घालणे हा केवळ घरचा प्रश्न राहत नाही. पृष्ठभागावर घट्ट बसणारे आच्छादन घातल्यास हे नुकसान मोठ्या प्रमाणात थांबते. क्लोरिनही वाचते आणि पालापाचोळा पडत नाही.

पातळी फार झपाट्याने उतरत असेल, तर गळती तपासावी. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून तिच्या आतील व बाहेरील पाण्याची पातळी सारखी करावी आणि मोटार बंद ठेवावी. चोवीस तासांनंतर बादलीपेक्षा तलावाचे पाणी अधिक उतरले असल्यास गळती आहे, असे समजावे.

मोटार आणि वीज

उन्हाळ्यात फिल्टर दिवसाला आठ ते बारा तास चालणे आवश्यक असते. मोटार टायमरवर लावून निश्चिंत होणारे अनेक असतात. पण वीज गेली, की साध्या टायमरचे घड्याळ मागे पडते. पाणी शोषून घेणाऱ्या तोंडाच्या खाली पातळी गेली, तर मोटार कोरडी फिरून जळते. म्हणून पाणी वरच्या खुणेपर्यंत भरूनच निघावे आणि ही खूण रखवालदाराला दाखवून ठेवावी.

रिकामा करणे हा उपाय नव्हे

पंधरा दिवसांसाठी तलाव रिकामा करावा, असे काहींना वाटते. कोरड्या तलावाच्या फरशा आणि सांधे उन्हाने तडकतात. काळ्या मातीच्या जमिनीत हा धोका अधिक असतो. ही माती उन्हात आकसते आणि पावसात फुगते. आत पाण्याचा भार नसल्यास भिंतींवर ताण येतो. तळाशी उरलेल्या थोड्या पाण्यात डासांची पैदास होते ती वेगळीच. उष्ण हवेत डेंगी पसरविणाऱ्या डासाची अंडी ते डास ही वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणजे पंधरवड्याची रजा त्याला पुरेशी असते. क्लोरिन बंदच ठेवायचे असेल, तर पाण्यात गप्पी मासे सोडता येतात. क्लोरिनच्या पाण्यात मात्र ते जगत नाहीत.

फिल्टर धुतल्यानंतरचे पाणी थेट द्राक्षवेलींना देऊ नये. वेलींना क्लोराइड व क्षार सोसत नाहीत.

सर्वांत आधी सुरक्षितता

बिघडलेले पाणी सुधारता येते, पण बुडालेले मूल परत येत नाही. सुटीत वाडीवरची, शेजारची मुले उन्हाने हैराण होऊन पाण्याकडे धावतात. मालक नसला, की अडविणारेही कोणी नसते. हिरव्या, गढूळ पाण्यात बुडणारे मूल दिसतही नाही. किमान चार फूट उंचीचे कुंपण, आपोआप बंद होणारे कुलूपबंद फाटक आणि काठावर दोर बांधलेली ट्यूब या गोष्टी असायलाच हव्यात. सैल ताडपत्री अंथरणे तर उघड्या तलावाहून घातक, कारण तिच्यावर पाय पडला की मूल तिच्यात गुरफटते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांनाही हेच लागू आहे. त्यांचे उतार निसरडे असल्याने पोहता येणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते.

निघण्यापूर्वी हे करा

* सामू व क्लोरिन तपासा, फिल्टर धुवा, तळ साफ करा.
* पाणी वरच्या खुणेपर्यंत भरा, आच्छादन घट्ट बांधा.
* रसायने सावलीत, हवेशीर जागी, कुलपात ठेवा. दोन प्रकारची क्लोरिन पावडर एकत्र करू नका, आग लागू शकते. आम्ल व क्लोरिन एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो.
* पावडर पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये, हे रखवालदाराला प्रत्यक्ष करून दाखवा.
* फाटकाची किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्या आणि दर दोन दिवसांनी दूरध्वनी करून पाण्याचा रंग विचारा. तळ दिसत नाही, असे उत्तर आले, तर परत येण्याची वाट न पाहता लगेच जाणकाराला पाठवा.