याचकाचे चित्र आणि मनुष्याचे चित्र

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेची आठवण मराठी वाङ्मयात चिरस्थायी झाली ती जोतीराव फुले यांच्यामुळे. १८७३ साली प्रसिद्ध झालेले आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी, निग्रो लोकांस दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील जनतेस अर्पण केले. ते कार्य व्याख्यानांनी, ग्रंथांनी आणि अखेरीस रणांगणावर सिद्धीस गेले. त्यात चित्रांचाही वाटा होता, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. शिवाय त्या चित्रांतच एक वाद दडलेला होता : दास्यात पडलेल्या मनुष्याचे चित्र काढावयाचे ते दयेची याचना करणारा म्हणून, की स्वत्व असलेला मनुष्य म्हणून?

ह्या चित्रपरंपरेचा आरंभ इंग्लंडात झाला. गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी १७८७ साली लंडन येथे एक मंडळ स्थापन झाले. चिनी मातीच्या भांड्यांचा विख्यात कारखानदार जोसाया वेजवुड हा त्याचा सभासद होता. त्याच्या कारखान्यात एक लहानसे पदक तयार झाले. त्यावर साखळदंडांनी जखडलेला एक आफ्रिकी पुरुष गुडघा टेकून, हात जोडून बसलेला होता. आणि आपण मनुष्य नव्हे काय, बंधू नव्हे काय, असा त्याचा प्रश्न कडेने कोरलेला होता. स्त्रियांनी ते पदक कंकणांत आणि केसांच्या आकड्यांत बसविले; पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांवर जडविले. १७८८ साली वेजवुडने काही पदके फिलाडेल्फियास बेंजामिन फ्रँकलिनकडेही धाडली.

ह्याच सुमारास दुसरे एक चित्र निघाले. 'ब्रुक्स' नावाच्या लिव्हरपूलच्या जहाजाचा आराखडा प्रथम प्लिमथच्या समितीने तयार केला आणि १७८९ साली लंडनच्या मंडळाने तो वाढवून छापला. त्यात ४८२ मानवी आकृती खेटून मांडलेल्या होत्या. पुरुषास जागा किती? लांबी ६ फूट, रुंदी १ फूट ४ इंच. १७८८ च्या कायद्याने ह्या जहाजास ४५४ माणसे नेण्याची मुभा होती. त्यापूर्वीच्या एका सफरीत त्याने ६०९ नेली होती. ह्या चित्रात ना अश्रू होते, ना आक्रोश; मोजमाप हीच त्याची साक्ष. ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ साली हा व्यापार बंद केला, आणि १८३३ साली बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला. तथापि पदकावरील मनुष्य गुडघ्यांवरच होता, आणि जहाजातील माणसांना तर चेहराही नव्हता.

१८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली. यंत्र निःपक्षपाती असते असे म्हणतात. परंतु ते कोणाच्या हाती आहे ह्यावर सारे अवलंबून. १८५० साली दक्षिण कॅरोलायनात लुई अगासी ह्या शास्त्रज्ञाने रेंटी, डेलिया इत्यादी गुलामांची छायाचित्रे काढविली, ती मानववंश मुळातच भिन्न आहेत हे आपले मत सिद्ध करण्यासाठी. त्यांना विवस्त्र उभे केले गेले. त्यांची संमती कोणी विचारली नाही. उलटपक्षी, १८६३ साली लुइझियानातील मळ्यातून पळून उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत आलेल्या एका मनुष्याची उघडी पाठ बॅटन रूज येथे टिपली गेली. आसुडांच्या वळांनी ती पाठ जाळीसारखी विणली गेली होती. ते छायाचित्र हातोहात खपले, आणि त्यावरून केलेले लाकडी ठशाचे चित्र 'हार्पर्स वीकली'ने ४ जुलै १८६३ च्या अंकात छापले. मालक दयाळू असतात, ह्या युक्तिवादास ह्याहून चोख उत्तर नव्हते.

परंतु स्वतःचे चित्र स्वतःच्या ताब्यात घेतले ते सोजर्नर ट्रुथ आणि फ्रेडरिक डग्लस ह्यांनी. दोघेही जन्माने गुलाम. ट्रुथबाईंना लिहितावाचता येत नव्हते. पण १८६४ साली त्यांनी आपल्या छायाचित्रांचा हक्क स्वतःच्या नावे नोंदविला, आणि देहाच्या योगक्षेमासाठी आपण आपली छाया विकतो, अशा अर्थाचे वाक्य त्यांवर छापविले. चित्रात त्या विणकाम हाती घेऊन, चष्मा लावून, घरंदाज स्त्रीप्रमाणे बसल्या आहेत. डग्लस ह्यांची सुमारे १६० छायाचित्रे आज ज्ञात आहेत. त्या शतकात इतकी छायाचित्रे लिंकनचीही निघाली नाहीत. गोरे चित्रकार निग्रो माणसाचा चेहरा विद्रूप करतात, ही त्यांची तक्रार होती. म्हणून ते नीटनेटका पोशाख करून, करारी मुद्रेने कॅमेऱ्यापुढे बसत. 'सुखी गुलाम' दिसेल असे हास्य त्यांना मुखावर नको होते.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी घटनेनेच बंद झाली. १८७६ साली मुक्त झालेल्या निग्रो लोकांच्या वर्गणीतून वॉशिंग्टन येथे लिंकनचा पुतळा उभारला गेला. त्याच्या पायांशी एक मुक्त गुलाम होता, तोही पुन्हा गुडघ्यावर. अनावरणाचे भाषण डग्लस ह्यांनीच केले. परंतु काही दिवसांतच त्यांनी वृत्तपत्रास पत्र लिहिले. निग्रो हा चतुष्पाद प्राण्याप्रमाणे वाकलेला नव्हे, तर मनुष्याप्रमाणे स्वतःच्या पायांवर उभा असलेला पाहावयास मिळावा, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली. आणि त्या उद्यानात आणखी एका स्मारकास जागा आहे, हेही सुचविले.

ती जागा भरावयास १९७४ साल उजाडावे लागले. पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मेरी मॅक्लिऑड बेथ्यून ह्या शिक्षिकेचा पुतळा तेथे आहे : हाती काठी, पुढे दोन मुले, आणि पाय जमिनीवर ताठ रोवलेले. लिंकनचा पुतळा त्या वेळी फिरवून तिच्या समोर आणण्यात आला.