जोतिबाचा डोंगर ते कृष्णाकाठ : हातकणंगलेत विद्यमान खासदारांची कसोटी

श्रीक्षेत्र जोतिबाची चैत्र यात्रा आणि लोकसभेची निवडणूक यांचा योग अलीकडच्या तिन्ही निवडणुकांत जुळून आला. २०१४ मध्ये यात्रेपाठोपाठ १७ एप्रिलला मतदान झाले. २०१९ मध्ये यात्रेनंतर चारच दिवसांनी, २३ एप्रिलला मतदार रांगेत उभे राहिले. २०२४ मध्ये उमेदवारी मागे घेण्याची मुदत २२ एप्रिलला संपली आणि दुसऱ्याच दिवशी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेचा सोहळा झाला. सासनकाठ्या नाचविणारा, गुलाल-खोबऱ्याची उधळण करीत "चांगभलं"चा गजर करणारा हा भाविक पुढे दोन आठवड्यांनी कोणाच्या पारड्यात मत टाकणार, हा प्रश्न त्या वर्षी विशेष कुतूहलाचा होता. कारण डोंगर ज्या हातकणंगले मतदारसंघात येतो, तेथील विद्यमान खासदार धैर्यशील माने आपल्या राजकीय आयुष्यातील सर्वांत अवघड लढाई लढत होते.

मतदारसंघाची रचना

२००८ च्या पुनर्रचनेत जुना इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ संपुष्टात आला आणि हातकणंगले हा नवा मतदारसंघ अस्तित्वात आला. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, हातकणंगले (अनुसूचित जातींसाठी राखीव), इचलकरंजी व शिरोळ आणि सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर व शिराळा असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात समाविष्ट आहेत. पन्हाळा तालुक्यातील जोतिबा हे क्षेत्र शाहूवाडी विधानसभा मतदारसंघात मोडते.

पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील वाड्या-वस्त्या, मध्ये वारणेचे ऊसपट्टे, पूर्वेस इचलकरंजीचे यंत्रमाग आणि शेवटी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील शिरोळ तालुका असा हा विस्तार आहे. डोंगरी भागाला रस्ता व रोजगार हवा, ऊसपट्ट्याला दर हवा, इचलकरंजीला पिण्याचे पाणी व वस्त्रोद्योगाला सवलत हवी, तर शिरोळला महापुरापासून संरक्षण हवे. या चारही मागण्यांना एकाच वेळी न्याय देणे खासदाराला क्वचितच साधते. त्यामुळे एका भागात मिळालेले मताधिक्य दुसऱ्या भागात वितळून जाण्याचा धोका येथे कायम असतो.

पूर्वपीठिका

जुन्या इचलकरंजी मतदारसंघावर रुकडीच्या माने घराण्याचा दीर्घकाळ प्रभाव होता. बाळासाहेब माने १९७७ पासून सलग पाच वेळा काँग्रेसतर्फे निवडून आले. त्यानंतर १९९६ व १९९८ मध्ये कल्लाप्पाण्णा आवाडे यांनी प्रतिनिधित्व केले. १९९९ व २००४ मध्ये बाळासाहेबांच्या स्नुषा निवेदिता माने राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे विजयी झाल्या.

नव्या मतदारसंघाची २००९ मधील पहिलीच निवडणूक मात्र विद्यमान खासदाराला प्रतिकूल ठरली. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी तेव्हा शिरोळचे आमदार होते. ऊसदराच्या आंदोलनांतून पुढे आलेल्या या नेत्याने साखर कारखानदारांच्या प्रस्थापित यंत्रणेला आव्हान दिले. मताबरोबर वर्गणीही देणारा शेतकरी हे त्या प्रचाराचे वैशिष्ट्य ठरले. श्री. शेट्टी यांना ४,८१,०२५ तर श्रीमती माने यांना ३,८५,९६५ मते मिळाली. ९५,०६० मतांचा हा पराभव म्हणजे सहकाराच्या गढीला पडलेले भगदाड मानले गेले.

शेट्टी : एक विजय, एक पराभव

२०१४ मध्ये श्री. शेट्टी यांची विद्यमान खासदार म्हणून पहिली परीक्षा झाली. निवडणुकीपूर्वी ते राष्ट्रीय लोकशाही आघाडीत सामील झाले होते. देशभरातील काँग्रेसविरोधी वातावरण आणि संघटनेचे शिवारातील बळ या दोन्हींचा त्यांना लाभ झाला. काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्याशी जवळपास सरळ झालेल्या लढतीत त्यांनी १,७७,८१० मतांनी विजय मिळविला.

पाचच वर्षांत चित्र पालटले. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर केंद्र सरकारशी मतभेद झाल्याने श्री. शेट्टी २०१७ मध्ये आघाडीतून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांचे एकेकाळचे सहकारी आणि तत्कालीन राज्यमंत्री सदाभाऊ खोत यांची संघटनेतून हकालपट्टी झाली. २०१९ मध्ये श्री. शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या पाठिंब्यावर उभे राहिले. ज्या साखर कारखानदारांविरुद्ध कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच व्यासपीठावर आपला नेता बसलेला पाहणे अनेकांना रुचले नाही. शिवसेनेच्या उमेदवारीवर उतरलेले धैर्यशील माने हे निवेदिता माने यांचे पुत्र. त्यांनी ५,८५,७७६ मते घेतली, श्री. शेट्टी ४,८९,७३७ मतांवर थांबले. दहा वर्षांपूर्वी आईचा पराभव करणाऱ्या नेत्याला मुलाने ९६,०३९ मतांनी हरविले. वंचित बहुजन आघाडीचे अस्लम सय्यद यांनी मिळविलेली १,२३,४१९ मते या फरकाहून अधिक होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

२०२२ चे बंड आणि बदललेली जमीन

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखाली शिवसेनेत फूट पडली. जुलैमध्ये पक्षाचे बारा खासदार श्री. शिंदे यांच्या बाजूने गेले. त्यांत कोल्हापूरचे संजय मंडलिक आणि हातकणंगलेचे धैर्यशील माने हे जिल्ह्यातील दोन्ही खासदार होते. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह श्री. शिंदे यांच्या पक्षाला दिले. कायद्याच्या दृष्टीने श्री. माने यांचा पक्ष व चिन्ह तेच राहिले. मतदाराच्या दृष्टीने मात्र बरेच काही बदलले होते. ज्या शिवसैनिकांनी २०१९ मध्ये त्यांच्यासाठी वाड्या-वस्त्या पिंजून काढल्या, त्यांतील मोठा वर्ग उद्धव ठाकरे यांच्याकडे राहिला. "गद्दार" हा शब्द गावच्या पारावरही ऐकू येऊ लागला. खासदारांचा मतदारसंघाशी संपर्क कमी पडल्याची टीकाही विरोधकांनी सातत्याने केली.

ऊसपट्टाही अस्वस्थ होता. आधीच्या हंगामातील उसाला वाढीव रक्कम मिळावी यासाठी श्री. शेट्टी यांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. या आंदोलनामुळे ते पुन्हा चर्चेच्या केंद्रस्थानी आले. श्री. माने यांची उमेदवारी कायम राहील की नाही, याविषयी महायुतीतच तर्कवितर्क सुरू होते. इचलकरंजीचे आमदार प्रकाश आवाडे यांनी स्वतंत्र उमेदवारीची घोषणा करून पेच आणखी वाढविला. वरिष्ठ नेत्यांच्या मध्यस्थीनंतर त्यांनी ती मागे घेतली.

२०२४ ची लढत

महाविकास आघाडीने श्री. शेट्टी यांना सोबत घेण्याचा प्रयत्न केला. ठाकरे गटाने त्यांच्यासमोर "मशाल" चिन्हावर लढण्याचा पर्याय ठेवला. कोणत्याही पक्षाच्या चिन्हावर न लढण्याच्या भूमिकेवर ते ठाम राहिले आणि बोलणी फिसकटली. त्यानंतर ठाकरे गटाने शाहूवाडीचे दोन वेळचे आमदार सत्यजित पाटील-सरूडकर यांना उमेदवारी दिली. लढत तिरंगी झाली.

या निवडीमुळे डोंगरी भाग श्री. माने यांच्यासाठी अधिकच कठीण बनला. शाहूवाडी-पन्हाळ्यातील राजकारण दीर्घकाळ श्री. सरूडकर आणि वारणा समूहाचे विनय कोरे यांच्या गटांत विभागलेले आहे. तेथील स्पर्धा किती अटीतटीची असते, याचे उदाहरण २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत मिळाले होते. त्या वेळी विद्यमान आमदार असलेले श्री. कोरे अवघ्या ३८८ मतांनी श्री. सरूडकर यांच्याकडून पराभूत झाले. २०१९ मध्ये श्री. कोरे यांनी ही जागा परत मिळविली आणि लोकसभेला ते महायुतीसोबत होते. तथापि, स्थानिक उमेदवार दिल्लीच्या वाटेवर निघाल्याची भावना या पट्ट्यात प्रबळ होती. इस्लामपूर, शिराळा व हातकणंगले येथील आमदार महाविकास आघाडीचे होते. म्हणजे सहापैकी तीन ठिकाणी विरोधकांची यंत्रणा आणि चौथ्या ठिकाणी विरोधी उमेदवाराचे घर, अशी श्री. माने यांची स्थिती होती.

महायुतीने सर्व बळ पणाला लावले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची २७ एप्रिलला कोल्हापुरात सभा झाली. मुख्यमंत्री शिंदे यांनी जिल्ह्यात मुक्काम ठोकून नाराजांची मनधरणी केली. ७ मे रोजी सुमारे ७१ टक्के मतदान झाले.

निकाल आणि त्याचा अर्थ

४ जून २०२४ रोजी झालेली मतमोजणी अखेरपर्यंत उत्कंठावर्धक ठरली. श्री. माने यांना ५,२०,१९०, श्री. सरूडकर यांना ५,०६,७६४ तर श्री. शेट्टी यांना १,७९,८५० मते मिळाली. विजयाचा फरक केवळ १३,४२६ मतांचा होता. शाहूवाडीने अपेक्षेप्रमाणे भूमिपुत्राला साथ दिली. इचलकरंजी शहराने दिलेल्या भक्कम मताधिक्यावर श्री. माने तरले.

आजूबाजूचे निकाल पाहिले म्हणजे या निसटत्या विजयाचे मोल कळते. शेजारच्या कोल्हापुरात संजय मंडलिक यांचा शाहू छत्रपती यांनी १,५४,९६४ मतांनी पराभव केला. सांगलीत दोन वेळचे खासदार संजयकाका पाटील यांना अपक्ष विशाल पाटील यांनी लाखावर मतांनी हरविले. राज्यातील ४८ पैकी १७ जागाच महायुतीला मिळाल्या. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात त्या वर्षी टिकलेले विद्यमान खासदार एकटे श्री. माने होते.

तरीही हा निर्विवाद कौल नव्हता. २०१९ च्या तुलनेत त्यांची मते ६५,५८६ ने घटली. श्री. शेट्टी यांना मिळालेली मते विजयाच्या फरकाच्या तेरापटीहून अधिक होती. ती सर्वच्या सर्व महाविकास आघाडीकडे वळली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु सरकारविरोधी मतांची विभागणी झाली नसती तर निकाल फिरला असता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. २०१९ मध्ये तिसऱ्या उमेदवाराची उपस्थिती विद्यमान खासदाराला जाचक ठरली, २०२४ मध्ये तीच तारक ठरली. श्री. शेट्टी यांनी या दोन्ही भूमिका अनुभवल्या. ज्या स्वतंत्र बाण्याने त्यांना २००९ मध्ये दिल्लीस पोहोचविले, त्याच बाण्याने २०२४ मध्ये त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला वाचविले.

निवडणुकीनंतर

सहा महिन्यांत वारे पुन्हा उलटले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत या मतदारसंघातील सहापैकी पाच जागा महायुती व तिच्या मित्रपक्षांनी जिंकल्या. शाहूवाडीत विनय कोरे यांनी श्री. सरूडकर यांच्यावर मात केली. इस्लामपुरात जयंत पाटील यांनी तेवढी जागा राखली. मे महिन्यात ज्या डोंगराने महायुतीच्या खासदाराला नाकारले, त्यानेच नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या आमदाराला स्वीकारले. येथील मतदार पक्षापेक्षा माणूस आणि गट पाहतो, याचा हा पुरावा होय.

६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत जोतिबा मंदिराच्या २५९.५९ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. वाहनतळ, पाणी, स्वच्छता आणि गर्दीचे नियोजन हे डोंगरावरचे जुने प्रश्न आहेत. मंजूर रकमेतून ते किती सुटले, याचा हिशेब येत्या यात्रांमध्ये भाविक आणि ग्रामस्थ मांडतील. पुढील लोकसभा निवडणूकही नियोजित वेळी झाली, तर ती चैत्राच्या आसपासच येईल.

दृष्टिक्षेपात हातकणंगले

२००९ : राजू शेट्टी विजयी, विद्यमान खासदार निवेदिता माने पराभूत. फरक ९५,०६०.
२०१४ : विद्यमान खासदार राजू शेट्टी विजयी, कल्लाप्पाण्णा आवाडे पराभूत. फरक १,७७,८१०.
२०१९ : धैर्यशील माने विजयी, विद्यमान खासदार राजू शेट्टी पराभूत. फरक ९६,०३९.
२०२४ : विद्यमान खासदार धैर्यशील माने विजयी, सत्यजित पाटील-सरूडकर पराभूत. फरक १३,४२६.