मामलेदाराची खुर्ची

दिवाळी सरली की कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्या रिकाम्या व्हायला लागतात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. कुणी लग्नाला, कुणी दुखण्याला, कुणी नुसत्या तांदळाला. ती फेडायला नवरा-बायको, पोरं, कोंबड्यांसकट सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळते. पाऊस तोंडावर आला की हिशोब होतो, आणि हिशोबात पुन्हा शेठचंच निघतं. ती बाकी पुढल्या सालावर.

याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात. १९७६ च्या कायद्यानं असलं कर्जच रद्द केलं. कर्ज वेठीचं नाही हे मालकानं सिद्ध करायचं, मजुरानं नाही. एवढा चांगला कायदा. पण तो दिला कुणाच्या हातात? कलेक्टरच्या आणि त्याच्या हाताखालच्यांच्या. कलम २१ म्हणतं, या खटल्यांसाठी सरकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटचे अधिकार देऊ शकतं. कलम २५ नं दिवाणी कोर्टाचं दार लावून घेतलं. म्हंजे ज्या कचेरीत भट्टीच्या मातीची रॉयल्टी भरायची, त्याच कचेरीत भट्टीवरच्या मजुरानं न्याय मागायचा. शेठला तिथं खुर्ची मिळते. कातकरी बाहेर व्हरांड्यात उकिडवा बसलेला.

ही खुर्ची इंग्रजाची. त्याच्या अमलात मामलेदार साराही वसूल करी आणि फौजदारी खटलेही चालवी. यावर आपल्यातले पुष्कळ जण एका दमात सांगतात, कचेरी वाईट, कोर्ट बरं. मीही तेच म्हणायचो. महाड नीट वाचलं आणि जीभ अडखळली.

महाड आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा नाव कुलाबा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. हल्लेखोरांपैकी पाच जणांना ६ जूनला जिल्हा मॅजिस्ट्रेटनं चार महिन्यांची सक्तमजुरी दिली. हा मॅजिस्ट्रेट म्हंजे प्रशासनाचाच माणूस. अडीच महिन्यांत निकाल! आता कोर्ट बघा. सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ ला दिवाणी दावा लावला, १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम त्यांच्या हातात. त्यांना लागले दोन दिवस. आणि अस्पृश्यांना बंदीची त्यांची वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध होत नाही, हे हायकोर्टानं सांगितलं १७ मार्च १९३७ ला. महाड, मग ठाणे, मग मुंबई. दहा वर्षं.

जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणून त्या पाच जणांना शिक्षा झाली, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखलं होतं. अधिकारी भला निघेल या भरवशावर ते राहिले नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यांनीच कलम मांडलं, की न्यायखातं कार्यकारी खात्यापासून वेगळं काढावं. आज ते कलम ५०. गेलं मात्र मार्गदर्शक तत्त्वांत, कोर्टातून वसूल न होणाऱ्या यादीत. मुंबई राज्यानं १९५१ ला कायदा करून ही दोन कामं वेगळी केली. आणि पंचवीस वर्षांनी, ऐन आणीबाणीत, सगळ्यात खालच्या माणसासाठी ती पुन्हा एका खुर्चीवर आणली! हे कुणाच्या लक्षात आलं नाही की आणून घ्यायचं नव्हतं?

आता सिंधकडे या. लांब वाटेल, पण १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध आपल्याच मुंबई इलाख्यात होता. तिकडं मामलेदाराला मुख्त्यारकार म्हणतात, आजही. फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री जोगेंद्रनाथ मंडल, आपले बाबासाहेब. दोन्ही देशांचा पहिला कायदेमंत्री अस्पृश्यांतला. पण खुर्ची तीच राहिली. सिंधच्या शेतावर राबणारे हारी, त्यांत कोल्ही, भिल्ल, मेघवाळ पुष्कळ, म्हंजे आपलीच माणसं. त्यांच्या आणि जमीनदाराच्या भांडणाचा निवाडा १९५० च्या कुळकायद्यानं महसूल खात्याच्या ट्रायब्युनलकडे दिला. १९८८ ला पंजाबातल्या भट्टीमजुरांनी थेट सरन्यायाधीशांना तार केली. सुप्रीम कोर्टानं तारेलाच अर्ज मानलं आणि १९९२ ला वेठबिगारीविरोधी कायदा झाला. आपल्याकडं फरिदाबादच्या खाणमजुरांसाठी एका पत्रावरून असंच घडलं होतं, निकाल १९८३ चा. आणि तरी जानेवारी २००२ मध्ये सिंध हायकोर्टानं हाऱ्यांचे ढीगभर अर्ज फेटाळले. हा कुळकायद्याचा मामला, ट्रायब्युनलकडे जा म्हणाले. जमीनदाराच्या वाड्यातून पळून आलेल्याला परत जमीनदाराच्या ओळखीच्या कचेरीत!

नेपाळचं वेगळंच. १८५४ च्या मुलुकी ऐनमध्ये जात बघून शिक्षा लिहिलेली होती. तिथला जिल्हाधिकारी अजून काही गुन्ह्यांत स्वतःच शिक्षा सुनावतो. पण तिथल्या कमैया मजुरांना ना कोर्टानं सोडवलं ना कचेरीनं. २००० साली ते अर्ज घेऊन गेले, मग काठमांडूत जाऊन बसले, आणि १७ जुलैला मंत्रिमंडळाला मुक्ती जाहीर करावी लागली. पश्चिमेकडच्या डोंगरातले हलिया, त्यांत बहुतेक दलित, त्यांची पाळी आली २००८ ला.

परत कर्जतला येऊ. १९७६ च्याच कायद्यात एक गोष्ट आहे, ती आपण वापरत नाही. जिल्ह्याला आणि प्रांताला दक्षता समिती हवी, आणि तीत तीन माणसं अनुसूचित जाती-जमातीची. तीन! म्हंजे त्या खुर्चीशेजारी बसायचा हक्क आपला आहे. आपण अत्याचार झाला की पोलीस ठाण्यावर मोर्चा नेतो, जयंतीला गाड्या काढतो. पण कातकऱ्याचं भांडण ‘त्यांचं’ म्हणून बाजूला ठेवतो. माझ्याच वस्तीतला एक शिकलेला पोरगा भट्टीवर मुकादम आहे. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे.

कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांना प्रांत एकच. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा, दहा रुपयांचं तिकीट लावून. समितीत नावं कुणाची, शेवटची बैठक कधी, किती मजूर सोडवले, किती खटले चालले. अर्ज दोघा-तिघांनी वेगवेगळा टाका, एक हरवला तर दुसरा राहील. आणि उचल वाटायच्या आत टाका, म्हंजे श्रावणातच.