दीड डॉलर आणि जुनी बाहुली



या मालिकेत आपण आतापर्यंत लढाया, वेढे आणि नकाशे यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय आहे बाहुली. एका कोर्समेटला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर इतका हसला की शेवटी मीच फोन ठेवला. पण हा विषय माझ्या घरातूनच आला आहे.

परवा बंगळूरहून मुलीचा फोन आला. "बाबा, जालंधरला घेतलेली माझी बार्बी आठवते? अगदी तशीच एक विकायला आली आहे. खोकंसुद्धा उघडलेलं नाही." किंमत तिने सांगितली. तेवढ्या पैशांत त्या काळी आमच्याकडे फ्रीज आला असता.

झालं होतं असं. १९९५ साली जालंधरहून जोरहाटला माझी बदली झाली. फौजेत सामान काळ्या ट्रंकांवर मोजतात, आणि आमच्या ट्रंका भरल्या होत्या. बाहुल्यांचा डबा मी शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलींना देऊन टाकला. लेकीला विचारलंही नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ट्रक भरेपर्यंत ती काही बोलली नाही, आणि नंतरही परवापर्यंत कधी बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर मी वाचायला बसलो. प्लास्टिकच्या बाहुलीला एवढा भाव येतो कुठून?

गोष्ट जर्मनीत सुरू होते. १९५२ साली 'बिल्ड' या वर्तमानपत्रात राइनहार्ड बॉयटीन या चित्रकाराने लिली नावाची एक फटकळ, फॅशनेबल तरुणी व्यंगचित्रात आणली. ती इतकी चालली की १९५५पासून तिची बाहुली निघाली. ही काही लहान मुलांची बाहुली नव्हती. तंबाखूच्या दुकानांतही मिळायची, आणि मोठी माणसं एकमेकांना गंमत म्हणून द्यायची. १९५६ साली रूथ हँडलर ही अमेरिकन बाई कुटुंबासह स्वित्झर्लंडला फिरायला गेली होती. तिथे तिला लिली दिसली आणि तिने तीन विकत घेतल्या. मॅटेल ही खेळण्यांची कंपनी तिने, नवऱ्याने आणि एका भागीदाराने सुरू केलेली. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळाव्यात बार्बी आली. किंमत ३ डॉलर, काम सगळं जपानमध्ये करून घेतलेलं. पहिल्या वर्षी सुमारे साडेतीन लाख खपल्या. पुढे १९६४ साली मॅटेलने लिलीचे हक्कच विकत घेतले आणि मूळ लिली बंद झाली. शत्रूचा तळ काबीज करून तो मोडून टाकावा तसं.

आता मुख्य मुद्दा. १९६७ साली मॅटेलने कंबरेत वळणारी नवी बार्बी काढली आणि जाहिरात केली: जुनी बार्बी घेऊन या, वर दीड डॉलर द्या, नवी घेऊन जा. मुली धावल्या. साहजिकच आहे, जुनीचे केस विस्कटलेले आणि नवीला पापण्या! त्या उन्हाळ्यात लाखोंनी जुन्या बाहुल्या दुकानांच्या गल्ल्यावर जमा झाल्या. आज संग्राहक ज्यांच्यासाठी हजारो डॉलर मोजतात, त्या १९५९-६०च्या बाहुल्याही त्यात होत्या. कुणाला वाटलं असेल की आपण काही गमावतो आहोत? मला जालंधरला वाटलं नव्हतं.

पहिल्या खेपेची बार्बी ओळखायची कशी, हे वाचताना मला फार मजा आली, कारण ही पद्धत आमच्या शस्त्रं ओळखण्यासारखीच आहे. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख हवा, पण तो नंतरही मिळतो, त्यावर विसंबायचं नाही. डोळ्यांत रंग नसतो, बुब्बुळाभोवती नुसतं पांढरं. भुवया उलट्या व्हीसारख्या टोकदार. आणि खरी खूण तळपायाला: दोन्ही पावलांत भोक, आत तांब्याची नळी, म्हणजे स्टँडच्या दोन काट्यांवर बाहुली उभी राहते. पुढच्या खेपेत स्टँड बदलला आणि भोकं गेली. ही भोकं पाडून फसवणारेही असतात, म्हणून जाणकार आधी नळी बघतात.

आणखी एक रोग आहे, 'ग्रीन इअर'. कानातल्या दागिन्याच्या धातूमुळे कानाभोवतीचं प्लास्टिक हिरवं पडतं आणि डाग गालापर्यंत पसरतो. त्यावर संग्राहकांचा उपाय ऐका: मुरुमांवर लावायचं मलम फासायचं आणि बाहुलीला उन्हात बसवायचं. डाग खरोखर फिका पडतो.

मॅटेलने जे टाकून द्यायला शिकवलं तेच गोळा करणारी माणसं हळूहळू एकत्र आली. १९८० साली अमेरिकेत बार्बी संग्राहकांचं पहिलं मोठं संमेलन भरलं. जुन्या बाजारांतून, कुणाच्या तरी माळ्यावरून ढिगाने बाहुल्या घ्यायच्या, त्यातली एखादी चांगली ठेवून बाकीच्या विकायच्या. काही जण चेहऱ्यावरचा रंग पुसून नव्याने डोळे रंगवतात, डोक्यात एकेक केसांची बट पुन्हा रोवतात आणि ती विकतात. मला या लोकांबद्दल आदर वाटतो. ती कारागिरी आहे.

मग कंपनीला वाटलं, हा बाजार आपणच का चालवू नये? १९८८ साली नाताळासाठी 'हॅपी हॉलिडेज' बार्बी आली, लाल घेरदार झग्यातली. ती कमी पडली, आणि काही वर्षांत तिचा भाव शेकडो डॉलरवर गेला. बस, लोकांना वाट सापडली. दरवर्षी नवी नाताळची बार्बी घ्यायची, खोकं उघडायचं नाही, पोरांच्या कॉलेजच्या फीची सोय झाली. या व्यापारातला जपमंत्र आहे 'एनआरएफबी', म्हणजे खोक्यातून कधीच न काढलेली. १९९५ साली मागणी एवढी वाढली की माल संपल्यावर मॅटेलने चिठ्ठ्या विकल्या. बाहुली पुढच्या वर्षी. त्यानंतर उत्पादन वाढवलं. त्याच सुमारास ईबे सुरू झालं आणि ज्याच्या त्याच्या कपाटात हीच खोकी आहेत हे सगळ्यांना एकदमच दिसलं. भाव कोसळले. १९९८ला ती मालिका थांबली. आज त्यातली नव्वदच्या दशकाच्या मध्याची बरीच खोकी मूळ किमतीलाही कुणी घेत नाही.

दारूगोळ्याच्या कोठारात माल किती आहे हे कळलं की बाजारभाव पडणारच. आमच्याकडे पदकांचं उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धातलं 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचं, कडेवर जवानाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली. आपल्याकडे त्यातली कितीतरी सोनाराच्या मुशीत गेली. जी उरली ती म्हणूनच शोधली जातात. ती कुणी दुर्मिळ व्हावीत म्हणून पाडली नव्हती.

याच नियमाचं दुसरं उदाहरण म्हणजे ब्लाइथ. १९७२ साली अमेरिकेतल्या केनर कंपनीने ती काढली: मोठं डोकं, आणि मागची दोरी ओढली की डोळ्यांचे रंग बदलतात, चार रंग. मुलं घाबरली म्हणे. वर्षभरात ती बंद झाली. २००० साली जीना गारन या बाईने आपल्या ब्लाइथच्या छायाचित्रांचं पुस्तक काढलं, पुढच्याच वर्षी जपानच्या ताकाराने नवी ब्लाइथ आणली, आणि अडगळीतल्या मूळ बाहुल्यांना हजार-हजार डॉलर येऊ लागले. सपशेल हरलेली बाहुली!

लिलावघरांनीही दखल घेतली. २००६ साली लंडनला क्रिस्टीजने एका डच मायलेकींचा सुमारे ४,००० बाहुल्यांचा संग्रह विक्रीला काढला. त्यातली १९६५ची 'मिडनाइट रेड' ९,००० पौंडांना गेली. २०१०मध्ये न्यूयॉर्कला एक बार्बी ३,०२,५०० डॉलरना गेली, पण तिच्या गळ्यात खऱ्या गुलाबी हिऱ्याचा हार होता. ते मी बाहुलीच्या खात्यात धरत नाही.

आपल्याकडची बार्बी 'लिओ मॅटेल' या नावाने यायची. लेहंगा, साडी, कपाळावर टिकली, आणि चेहरा मात्र कॅलिफोर्नियाचा. आपल्या मुलींनी त्या मनसोक्त खेळून मोडल्या, केस कापले, आंघोळी घातल्या. जपून ठेवायची पद्धत आपल्याकडे नव्हतीच. त्यामुळे बंद खोक्यातली लिओ बार्बी आज सहजासहजी सापडत नाही, आणि परदेशातले संग्राहकही तिच्या मागे आहेत.

मी मुलीला म्हटलं, घेऊ या, पैसे मी देतो. ती म्हणाली, "माझीचा एक बूट हरवला होता आणि पुढचे केस मी कात्रीने कापले होते. ही ती नाही."

मग जरा थांबून विचारलं, "पण घेतली तर उघडायची ना?"

मी तिला सांगितलं की खोकं उघडलं तर भाव निम्म्यावर येईल. नुकतंच वाचलं होतं, राहवलं नाही. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

बाहुली मागवली आहे. अजून पोचलेली नाही. नात आठ वर्षांची आहे आणि तिने कात्री आत्ताच शोधून ठेवली आहे असं कळतं.

पुढच्या भागात पुन्हा नकाशांकडे वळू. जय हिंद.