दिवा डोळ्यांसाठी की पानांसाठी?

शाळेतला एक प्रयोग तुम्हाला नक्की आठवत असेल. चंचुपात्रात पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या चार-सहा काड्या, त्यांच्यावर उपडं ठेवलेलं नरसाळं आणि नरसाळ्याच्या दांडीवर पाण्याने भरून पालथी घातलेली परीक्षानळी. हे सगळं उचलून बाई उन्हात नेऊन ठेवायच्या. थोड्या वेळाने हायड्रिलातून बारीक बारीक बुडबुडे निघू लागायचे. परीक्षानळीत पुरेसा वायू जमला की तिच्या तोंडाशी धुमसती काडी धरायची, ती भक्कन पेटायची आणि ‘वनस्पती प्राणवायू सोडतात’ असं वहीत लिहून आपण मोकळे व्हायचो. तेच चंचुपात्र सावलीत आणलं की बुडबुडे हळूहळू थांबतात, याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष नसायचं.

माझंही नव्हतं. काही वर्षांपूर्वी हौसेने घरी अडीच फुटी काचेची टाकी आणली. नुसते मासे नकोत, खरी, जिवंत पाणवनस्पती हवी असं ठरवलं. ‘जेवढा उजेड जास्त, तेवढी झाडं जोमात’ हा सल्ला दुकानात मिळाला आणि तो मला पटला. डोळे दिपतील असे दोन दिवे घेतले आणि सकाळी आठ ते रात्री दहा ते चालू ठेवले. पहिला आठवडा मजेत गेला. तिसऱ्या आठवड्यात काचा हिरव्या झाल्या, पानांवर शेवाळाचे केस आले, मग पाणीच पालकाच्या सुपासारखं दिसू लागलं. एके दिवशी पहाटे उठून पाहतो, तर सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते. त्यांतले चार दुपारपर्यंत गेले.

माशांचं अन्न चुकलं नव्हतं, पाणीही वेळच्या वेळी बदललं होतं. मग चुकलं काय, हे शोधायला मी पुस्तकं उघडली आणि थेट अठराव्या शतकात जाऊन पोहोचलो.

१७७१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी बंद काचपात्रात मेणबत्ती जाळून हवा ‘खराब’ केली, त्यात पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटते हे दाखवून दिलं. पण हा प्रयोग कधी साधे, कधी फसे. का, ते प्रीस्टलींना उलगडत नव्हतं. उत्तर दिलं यान इंगेनहाऊस या डच वैद्याने. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवीची लस टोचून नाव कमावलेला हा माणूस १७७९च्या उन्हाळ्यात लंडनजवळ एक घर घेऊन राहिला आणि पाण्यात बुडवलेल्या पानांवर त्याने शेकडो प्रयोग केले. बुडबुडे फक्त हिरव्या भागांतून येतात. त्यासाठी सूर्याची ऊब नव्हे, सूर्याचा उजेड लागतो. आणि अंधारात हीच पानं हवा बिघडवू लागतात. ही तीन निरीक्षणं त्याने त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली. आपल्या शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग म्हणजे त्याचाच वारसा.

यातलं तिसरं निरीक्षण वाचलं आणि माझ्या माशांचं काय झालं ते उमगलं. दिवसभर प्राणवायू देणारी वनस्पती आणि तिच्या दसपट माजलेलं शेवाळ, दोघंही रात्रभर तोच प्राणवायू ओढून घेत होती. पहाटेपर्यंत पाण्यात माशांच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

काचेच्या टाकीत हा जमाखर्च प्रथम जाणीवपूर्वक मांडला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत, ते काम करत. १८४९ साली त्यांनी बारा-तेरा गॅलनच्या, म्हणजे पंचावन्न-साठ लिटरच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची लांब पातीची पाणवनस्पती ठेवली. ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. काही दिवसांनी तिची जुनी पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, काचेवर हिरवा थर धरू लागला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी पाण्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, माशांची विष्ठा वनस्पतीला खत झाली. पाणी न बदलता टाकी निर्मळ राहिली. १८५० साली त्यांनी हा वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढे मांडला.

त्या काळी दिवा म्हणजे खिडकी. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द ॲक्वेरियम’ या पुस्तकाने घरोघरी वेड लावलं. दिवाणखान्यातल्या खिडकीत टाकी मांडायची टूम निघाली. पण खिडकीतलं ऊन काचेच्या बाजूने आत शिरतं. त्याने पाणी तापतं, काचेवर शेवाळ चढतं. तळ्यात असं होत नाही, कारण तिथे उजेड फक्त वरून येतो. वॉरिंग्टन यांना हे कळल्यावर त्यांनी मागची बाजू उतरती असलेली टाकी करून घेतली, म्हणजे प्रकाश वरूनच पडावा. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी आणखी पुढची पायरी गाठली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली सुरू झालेल्या मत्स्यालयात त्यांनी जमिनीखाली मोठा अंधारा हौद बांधला. समुद्राचं पाणी त्यात फिरवत ठेवायचं, म्हणजे त्यात शेवाळ धरत नाही. उजेड किती द्यायचा याबरोबरच तो कुठे द्यायचा नाही, हाही प्रश्न आहे, हे त्या पिढीला पुरतं समजलं होतं.

मग वीज आली आणि खिडकीची गरज संपली. टाकीच्या झाकणात पिवळा बल्ब बसला. पण साधा बल्ब विजेतला फारच थोडा भाग उजेडासाठी वापरतो, बाकीची सगळी उष्णता. त्याने पाणी तापायचं. १९३८ साली अमेरिकेत ट्यूबलाइट बाजारात आली. तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड आणि उष्णता कमी. टाकीवर आडवी बसेल असा लांबट आकार. आपल्याकडेही चोक आणि स्टार्टर लावलेली ट्यूब कित्येक वर्षं फिश टँकच्या झाकणात घुमत होती.

इथेच एक नवा गोंधळ सुरू झाला आणि तो आजही संपलेला नाही. उजेड मोजायचा कसा? दिव्याच्या खोक्यावर लुमेन लिहिलेले असतात. हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. १९२४ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने आपल्या डोळ्याला कोणता रंग किती उजळ भासतो याचा आलेख प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याचा कळस पोपटी रंगावर आहे. निळ्या आणि लाल टोकाकडे आपली नजर मंदावते, म्हणून त्या रंगांना लुमेनमध्ये फारशी किंमत नाही. पानाचं गणित अगदी वेगळं. निळा आणि लाल प्रकाश ते अधाशासारखं शोषून घेतं.

१९६०च्या दशकात सिल्व्हेनिया कंपनीच्या ग्रो-लक्स ट्यूबने हा फरक लोकांना डोळ्यांनी दाखवला. तिचा उजेड गुलाबी-जांभळा, आपल्याला मंद वाटणारा. पण त्यात निळा आणि लाल भरपूर. ज्या दिव्याखाली आपल्याला पेपर वाचताना त्रास व्हावा, त्याखाली पाणवनस्पती मजेत वाढत होती. पुढे १९७२ साली टेक्सासमध्ये के. जे. मॅक्री यांनी बावीस पिकांच्या पानांवर मोजमापं करून कोणत्या रंगात प्रकाशसंश्लेषण किती होतं ते मांडलं. त्यातून पानांसाठीचं वेगळं माप रूढ झालं. त्याला ‘पार’ म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, वनस्पतीला वापरता येणारा प्रकाश तो मोजतो. हिरवा प्रकाश पानाला निरुपयोगी असतो हा समजही मॅक्रींच्या आकड्यांनी खोटा ठरवला. पान तोही वापरतं, फक्त जरा कमी. तेव्हा टाकीवर जांभळाच दिवा हवा असं काही नाही.

पण माप बदललं तरी ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा हट्ट उरतोच. त्याचं उत्तर केंब्रिजच्या फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ सालीच देऊन ठेवलं होतं. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान यांतलं जे सगळ्यांत तोकडं असेल, तेच वाढीचा वेग ठरवतं. बाकीचं कितीही ओता, उपयोग नाही. चुलीवर पाच किलो तांदूळ शिजायचा आणि आमटी वाटीभरच, तर पंगत आमटीपाशीच अडणार. पाण्यात नेमका कार्बन डायऑक्साइड तोकडा पडतो, कारण हवेतल्यापेक्षा पाण्यात तो सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. अशा वेळी दिवा वाढवला की वनस्पतीला तो वापरता येत नाही आणि काटकसरीत जगणारं शेवाळ त्याचा फायदा घेतं.

हे कोडं कलावंताच्या हाताने सोडवलं ते जपानच्या ताकाशी अमानो यांनी. १९५४ साली निईगाता इथे जन्मलेले अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते, पुढे निसर्गाचे छायाचित्रकार झाले. टाकीत सोडावॉटर ओतून त्यांनी वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड देऊन पाहिला, ही गोष्ट त्यांच्याबद्दल आवर्जून सांगितली जाते. १९८२ साली त्यांनी कंपनी काढली. टाकीच्या वर टांगलेला १५० वॉटचा प्रखर मेटल हॅलाइड दिवा, सिलिंडरमधून मोजून सोडलेला वायू आणि शेवाळ खायला इवलीशी कोळंबी, अशी त्यांची घडी. वॉरिंग्टन यांची गोगलगाय सव्वाशे वर्षांनी कोळंबी होऊन परत आली म्हणा ना! लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ साली त्यांनी ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची वनस्पतींची टाकी उभारली आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

दुसऱ्याही एका अमानोंचं नाव इथे घ्यायला हवं. हिरोशी अमानो, इसामू अकासाकी आणि शुजी नाकामुरा. निळ्या एलईडीसाठी या तिघांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा प्रकाश साधल्यामुळेच त्यावर पिवळं रसायन लावून पांढरा एलईडी करता आला. आज टाकीवरचा दिवा म्हणजे बहुधा हाच. वीज थोडी, पाणी फारसं तापत नाही, दिवा अनेक वर्षं टिकतो. पण स्वस्तात इतका प्रखर उजेड हाताशी आल्यामुळेच माझ्यासारखे लोक फसतात.

मग दिवा निवडायचा कसा? आधी वनस्पती ठरवा, दिवा नंतर. ती मुळात कुठे वाढते ते पाहा. कोकणातल्या गर्द झाडीखालच्या ओढ्यांत क्रिप्टोकोरिनच्या जाती सापडतात. त्यांना सावलीची सवय. उलट साताऱ्याच्या कासपठारावर पावसाळी डबक्यांत फुलणारी वायतुरा उघड्या आभाळाखाली वाढते. (ती दुर्मीळ आहे, तिथून उपटून कोणी आणू नये.) क्रिप्टोकोरिन, जावा फर्न, अनुबियास अशा वनस्पतींना तळाशी पंधरा ते तीस ‘पार’ ढोबळमानाने पुरे होतो. भर दुपारच्या उन्हात तो दोन हजारांच्या घरात असतो, यावरून अंदाज यावा. लाल पानांच्या किंवा गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पती हव्या असतील तर पन्नासच्या पुढे जावं लागतं, पण तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि खताचीही जबाबदारी घ्यावी लागते. दिव्यावर नुसते वॉट आणि लुमेन लिहिले असतील, तर किती खोलीवर किती ‘पार’ मिळतो हे विचारा. टाकी खिडकीपासून लांब ठेवा. आणि सहा ते आठ तासांवर दिवा नको. टायमर लावा, कारण आपण विसरतो.

माझ्या टाकीवर आता एकच साधा दिवा आहे, सात तास चालणारा. खाली व्हॅलिस्नेरिया, थोडं क्रिप्टोकोरिन आणि पाच-सहा गोगलगायी. दुपारी चारच्या सुमारास पातीच्या टोकाशी बुडबुड्यांची माळ धरते, तेव्हा बाईंचं ते चंचुपात्र आठवतं. रात्री नऊला टायमर खट्‌ वाजतो, दिवा जातो, बुडबुडे थांबतात आणि मासे पातींच्या आडोशाला स्थिर होतात. पूर्वी त्या वेळी मी दिवा पुन्हा लावत असे, पाहुण्यांना टाकी दाखवायला. आता त्यांना म्हणतो, उद्या दुपारी या.