जबडा खरंच लॉक होतो का?

अकोल्यातल्या कुठल्याही कॉलनीतून पिटबुल फिरवून आणा. गॅलरीतून आवाज येणारच, "भाऊ, दूर धरा त्याले, जबडा लॉक झाला का सुटत नाही!"

असं लॉक कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसतं. पिटबुलची पकड चिवट असते, एवढं खरं. मग एवढी दहशत कशी बसली? त्यासाठी आधी दुसऱ्याच कुत्र्याकडे जाऊ.

माझे आजोबा जर्मन शेफर्डला कायम 'अल्सेशियन' म्हणायचे. हे नाव पहिल्या महायुद्धातलं. तेव्हा ब्रिटनमध्ये 'जर्मन' शब्दच नकोसा झाला होता, म्हणून कुत्र्याचं बारसं पुन्हा झालं. वर 'वुल्फ डॉग' अशी शेपटीही जोडली. झालं, लांडग्याचं नाव आलं की भीती आलीच! ऑस्ट्रेलियाने तर 1920च्या दशकाच्या अखेरीस या जातीच्या आयातीवर बंदी घातली. कारण काय, तर हा डिंगो या रानकुत्र्यांशी संकर करून मेंढ्या फाडेल. ती बंदी चाळीसेक वर्षं टिकली.

आणि त्याच महायुद्धात अमेरिकेच्या पोस्टरवर देशाचं प्रतीक म्हणून कोण होतं? पिटबुलच्या वळणाचं कुत्रं! 1980च्या दशकात झुंजींच्या आणि हल्ल्यांच्या बातम्या गाजल्या नि हिरोचा व्हिलन झाला.

आता आपल्याकडे या. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं: 23 जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा. त्या यादीत 'तोसा इनू' आहे आणि पुढे 'जपानी तोसा'ही आहे. अहो, एकच कुत्रं ते! जर्मन शेफर्ड मात्र यादीत नाही. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली, दोन्ही उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांना विचारलंच नव्हतं.

2022 साली 'सायन्स' मासिकात 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीमुळे असतो, असं त्यात निघालं. अर्थात, मोठ्या कुत्र्याचा चावा जास्त खोल जातो, ते हसण्यावारी नेऊ नका. पण मला आयुष्यात एकच कुत्रं चावलंय, शेजारचं पॉमेरेनियन. मे महिन्यात, 45 डिग्रीत, दुपारभर साखळीला बांधलेलं होतं बिचारं. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि रेबीजची इंजेक्शनं घ्यायला पळालो.

पुढच्या भागात आपला कारवान हाउंड. भेटू!